कातळशिल्पांचं थ्रीडी मॉडेल झालं, सातबाऱ्यावर नोंद कधी होणार?

एखाद्या जुन्या जागेवर ड्रोन उडवला, लेझर स्कॅनर फिरवला आणि थ्रीडी मॉडेल बनवलं की लगेच बातमी येते, वारशाचं डिजिटल जतन झालं. अशी बातमी वाचून मला आनंद होतो आणि त्याच्या मागोमाग काळजीही वाटते, कारण झालेली असते ती मोजणी, जतन अजून व्हायचं असतं. त्या मोजणीचं पुढे काय होतं, डेटा कुठे राहतो, कोणाला बघायला मिळतो, तहसीलदाराच्या टेबलावर तो कधी पोचतो का, हे फारसं कोणी विचारत नाही. मी हे मुख्यतः कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल लिहितोय, कारण या टेक्नॉलॉजीची जेवढी गरज तिथे आहे तेवढी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या दगडाचे मोठमोठे उघडे सडे, म्हणजे कातळाची पठारं आहेत आणि त्या सड्यांवर कोणे एके काळी माणसांनी हत्ती, गेंडे, वाघ, मोर, शार्क, पाकट मासा, माणसांच्या आकृत्या आणि आजवर कोणालाच नीट न उलगडलेल्या चौकोनी नक्ष्या खोदून ठेवल्यात. काशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, त्याच्या अंगावर उभं राहिलात तरी पायाखाली हत्ती आहे हे कळत नाही, तो वरूनच बघावा लागतो. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे. गेंडा आज कोकणात कुठेही नाही पण दगडावर आहे, म्हणजे ज्यांनी तो कोरला त्यांनी तो कुठेतरी बघितला होता. काळ नक्की कोणता यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे, बरेच जण मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपापली कामं सांभाळून गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि जुन्या माणसांना विचारून ही शिल्पं शोधली, आज हा आकडा हजाराच्या वर गेलाय. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत यातली ९ ठिकाणं गेली, रत्नागिरी जिल्ह्यातली काशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

आता या शिल्पांची अडचण काय तर ती उथळ आहेत. दोन-तीन सेंटीमीटरची खाच, कुठे त्याहून थोडी जास्त. पावसाळ्यात सड्यावर गवत उगवतं, खाचांमध्ये माती बसते, मग गवत वाळतं, वणवा लागतो, गुरं फिरतात, आणि दुपारी बाराच्या उन्हात तर डोळ्यासमोर असलेलं शिल्प पण दिसत नाही, सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पडलं की मगच रेषा उठून येतात. म्हणून फोटोग्रामेट्री इथे इतकी कामाची आहे. एकाच जागेचे शेकडो फोटो, प्रत्येक फोटोचा ७०-८० टक्के भाग पुढच्या फोटोवर चढेल असे काढायचे, सॉफ्टवेअर त्यातले समान बिंदू जुळवून पृष्ठभाग उभा करतं आणि मग कॉम्प्युटरवर हवा तिथे सूर्य ठेवून, हव्या त्या दिशेने तिरका उजेड टाकून खाच बघता येते. प्रत्यक्ष सड्यावर उभं राहून सुटलेली रेषा मॉडेलवर सापडू शकते. हत्ती जमिनीवरून दिसत नाही, ड्रोनला दिसतो.

पण इथे एक गोष्ट लोक सहज विसरतात. १०० मीटर उंचीवरून साधारण ड्रोन कॅमेऱ्याने फोटो घेतला तर एक पिक्सेल अडीच-तीन सेंटीमीटरचा पडतो, म्हणजे अख्खी खाच एका पिक्सेलमध्ये जाते आणि शिल्प गायब. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, २०२० पासून देशभर चाललंय ते काम, घरांच्या हद्दी ठरवायला ते चांगलं आहे, पण कोणी म्हणेल की ड्रोन गावात येऊन गेलाच आहे तर कातळशिल्पं पण त्यात आली असतील, तर नाही आली. त्यासाठी खाली, २०-३० मीटरवर किंवा त्याच्याही खाली उडवावं लागतं, जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे मॉडेल जागेवर बसवायच्या खुणा लावाव्या लागतात, त्या रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने मोजाव्या लागतात, आणि महत्त्वाच्या शिल्पाचे काठीला कॅमेरा लावून जवळून फोटो घ्यावे लागतात. कंट्रोल पॉइंट न मोजता केलेलं मॉडेल दिसायला सुंदर असतं पण ते हवेत तरंगत असतं, त्याची जागा, त्याचं माप, दोन्हीवर विश्वास ठेवता येत नाही. सरकारी टेंडरमध्ये 'थ्रीडी मॉडेल' एवढाच शब्द असेल आणि अचूकतेचा आकडाच नसेल तर जे मिळतं ते हेच.

अचूक जागेची नोंद नसली की काय होतं याचं उदाहरण देशाच्या संसदेत सांगितलं गेलंय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदीय समितीचा अहवाल आला, त्यात केंद्राने संरक्षित केलेली ५० स्मारकं हरवली असल्याचं निघालं. १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चक्क सापडतच नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये कॅगने प्रत्यक्ष जाऊन तपासलं होतं तेव्हा तो आकडा ९२ होता. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याने यातली १८ स्मारकं यादीतून काढून टाकायचं ठरवलं, कारण त्यांचं राष्ट्रीय महत्त्व उरलेलं नाही म्हणे. ही साधीसुधी दगडगोटे नव्हती, कायद्याने संरक्षित होती. जुन्या काळातल्या नोंदीत गावाचं नाव आणि एखादी ओळ एवढंच असेल तर शंभर वर्षांनी ती जागा शोधणार कशी? मग ज्या कातळशिल्पांना कायद्याचं कसलंच कवच नाही, जी खाजगी जमिनीत आहेत, त्यांचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

खाजगी जमिनीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सडा म्हणजे सातबाऱ्यावर बहुतेक करून पोटखराबा, लागवडीला अयोग्य. सरकारी कागदाच्या लेखी तिथे काही नाहीच. आणि जिथे काही नाही तिथे चिरेखाण काढायला, रस्ता न्यायला, कंपाउंड घालायला, सुरुंग लावून आंब्याचे खड्डे मारायला काय हरकत, असं मालकाला वाटलं तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला पण पोट आहे, पोरांची शिक्षणं आहेत, आणि त्याच्या जमिनीत काय आहे हे त्याला कोणत्याही कागदाने सांगितलेलं नाही. वर त्याच्या मनात भीती असते की शिल्प आहे म्हणून कळवलं तर सरकार जमीन काढून घेईल, १०० मीटरमध्ये काही करता येणार नाही. केंद्र संरक्षित स्मारकांना तो नियम आहेच, १०० मीटर पूर्ण बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीने. त्यामुळे लोक गप्प राहतात. चिरेखाणीचं मशीन एका दिवसात जेवढं कापतं तेवढं ऊन-पावसाने हजार वर्षांत झालं नसेल.

म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष वाटेल अशी आहे. कातळशिल्पाचा जो थ्रीडी सर्व्हे होतो त्यातून शिल्पाची बाह्य हद्द काढा, ती भूमी अभिलेखच्या नकाशावर गट नंबरसकट बसवा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'या गटात अमुक क्षेत्रावर कातळशिल्प' अशी फेरफार घालून नोंद करा. बँकेचा बोजा चढतो, विहिरीचा हक्क चढतो, मग हे का नाही चढणार? भूमी अभिलेख खात्याकडे आज रोव्हर आहेत, रोव्हरची मोजणी अचूक करणाऱ्या कायमच्या केंद्रांचं, म्हणजे कॉर्स स्टेशनचं जाळं आहे, काही सेंटीमीटरपर्यंत जागा ठरवता येते, म्हणजे मशिनरी नाही ही सबब चालणार नाही. आणि चिऱ्यासारख्या गौण खनिजाचा परवाना देताना नकाशावरचा तोच थर समोर आला पाहिजे, क्लार्कने गट नंबर टाकला की लाल खूण दिसली पाहिजे. त्याबरोबर मालकाला दरवर्षी भाडं द्या, राखणदारीचे पैसे म्हणा हवं तर. ज्याच्या जमिनीत वारसा सापडला त्याच्यावर फक्त बंधनं येणार असतील तर पुढचं शिल्प तो कोणाला दाखवणार नाही.

लोक म्हणतील यात नवीन टेक्नॉलॉजीचं काय, हे तर तलाठ्याचं काम झालं. मला म्हणायचंय तेच हे आहे. पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या असंख्य बिंदूंचा संच, तलाठ्यापर्यंत पोचला नाही तर त्याचा उपयोग कॉन्फरन्समधल्या स्लाइडपुरता राहतो.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. मॉडेल झालंय ना, सगळं डिजिटल सेव्ह आहे ना, मग मूळ गेलं तरी काय बिघडलं, असा विचार हळूहळू रुजतो. बारसूमध्ये एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, त्यात बायका जास्त, भर उन्हात सड्यावर आडव्या पडल्या होत्या हे सगळ्यांना आठवत असेल. रिफायनरी हवी की नको हा मोठा विषय आहे आणि त्यावर माणसांनी भांडावं, पण तिथली शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत हे पण तेवढंच खरं. उद्या कुठल्याही प्रकल्पात, इथे नाहीतर दुसऱ्या गावात, 'आम्ही हाय रिझोल्यूशन स्कॅन करून देतो, म्युझियम बांधून देतो, प्रतिकृती ठेवतो' असा प्रस्ताव येईल, आणि तो ऐकायला फार आकर्षक असेल. नागार्जुनसागर धरणात नागार्जुनकोंडा बुडणार होतं तेव्हा तिथले अवशेष उचलून टेकडीवर नेऊन मांडले, ते बांधकाम होतं म्हणून सुटं करून नेता आलं. सडा उचलून नेता येत नाही. कातळशिल्प म्हणजे तो दगड, ती जागा, तिथून दिसणारा समुद्र किंवा खाडी, शेजारचं पावसाळी पाणथळ, त्याच्याभोवतीची गावकीची वहिवाट, देवीहसोळला तर शेजारी आर्यादुर्गेचं देऊळ आहे. यातलं मॉडेलमध्ये येतं ते फक्त पृष्ठभागाचं माप. म्हणून पर्यावरण परवानगीच्या प्रक्रियेत स्कॅनिंगला नुकसानीची भरपाई म्हणून कधीही मान्यता देऊ नये, हे लिखित नियमात आलं पाहिजे.

मग स्कॅन करूच नये का? करायलाच पाहिजे, आणि पटकन. पॅरिसच्या नोत्र दामचं उदाहरण सगळे देतात. अँड्र्यू टॅलन नावाच्या कला-इतिहासाच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये त्या चर्चमध्ये ५० पेक्षा जास्त जागी लेझर स्कॅनर लावून अब्जाच्या वर बिंदू मोजले. २०१८ मध्ये तो वारला, एप्रिल २०१९ मध्ये आग लागली, आणि पुनर्बांधणीत तो डेटा कामी आला. पण त्याच गोष्टीत एक भाग कमी सांगितला जातो, की जळालेल्या छताच्या लाकडी सांगाड्याचं मोजमाप दोन फ्रेंच आर्किटेक्टनी २०१४ मध्ये वर चढून एकेक तुळई बघून केलं होतं, ड्रॉइंग काढली होती, आणि सांगाडा पुन्हा उभा करायला त्या ड्रॉइंगचा मोठा आधार झाला. मशीनने बिंदू दिले, माणसांनी जोड कसा मारलाय ते समजून घेतलं. आपल्याकडे पण सड्यावर खडूपाटी घेऊन बसणारा चित्रकार, खाच हाताने कशी ठोकली असेल ते सांगणारा पाथरवट, हे टीममध्ये हवेतच, नुसता ड्रोन पायलट पुरत नाही.

आणि डेटा एकाच जागी ठेवला तर काय होतं ते आपल्या अजिंठ्याने दोनदा भोगलंय. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून कित्येक वर्षं गुहांमध्ये बसून चित्रांच्या मोठ्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या जळल्या. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून परत तेच काम करायला बसले, त्यातल्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. आणि नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फासलं गेलं, ते पिवळं पडून मूळ चित्रांचं नुकसान झालं ते वेगळंच. मुंबईच्या मुलांनी तेरा वर्षं खपून केलेलं काम सातासमुद्रापार एका इमारतीत ठेवलं आणि ते गेलं. आज आगीच्या जागी हार्ड डिस्क आहे, बंद पडलेलं सॉफ्टवेअर आहे, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर फोन न उचलणारी एजन्सी आहे. एजन्सीने फिरणारं मॉडेल आणि एक व्हिडिओ दिला आणि मूळ फोटो, कंट्रोल पॉइंटची यादी, कच्चा पॉइंट क्लाउड स्वतःकडे ठेवला तर दहा वर्षांनी आपल्या हातात फक्त तो व्हिडिओ असेल.

कच्चा डेटा लोकांचा असला पाहिजे, पैसा लोकांचा आहे. बर्लिनच्या म्युझियममधल्या नेफरतितीच्या पुतळ्याचं स्कॅन असंच दाबून ठेवलं होतं, कॉस्मो वेनमन नावाचा कलाकार माहितीच्या कायद्याने तीन वर्षांहून जास्त भांडला तेव्हा कुठे २०१९ मध्ये ती फाइल बाहेर आली. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे, पण प्रत्येक मॉडेलसाठी अर्ज, अपील, दुसरं अपील करत बसायचं का? त्यापेक्षा टेंडरमध्येच लिहा की सगळे मूळ फोटो, मोजणीच्या नोंदी आणि पॉइंट क्लाउड कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा फॉरमॅटमध्ये द्यायचे, एक प्रत पुरातत्त्व संचालनालयाकडे, एक नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राकडे, एक मुंबई किंवा गोवा विद्यापीठाकडे, आणि एक ग्रामपंचायतीकडे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो. सगळं उघडं केलं तर अचूक जागा कळणार, रील बनवणारे येणार, खाचांमध्ये खडू भरून फोटो काढणार, बुटांनी, गाड्यांनी कातळ झिजणार. ज्या सड्यावर राखण नाही तिथे हे होऊ शकतं हे मान्य. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असं मला वाटतं. शिल्पाचा आकार, मॉडेल, मापं सगळ्यांना, पण राखण नसलेल्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पब्लिक वेबसाइटवर नकोत, ते महसूल खात्याला, ग्रामपंचायतीला आणि कारण सांगून मागणाऱ्या अभ्यासकाला मिळावेत. उक्षीला गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन तिथल्या हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षण केलं, वरून बघायची सोय केली, अशी जागा बिनधास्त नकाशावर टाका. पण लपवण्याच्या नावाखाली तहसील कार्यालयापासूनच जागा लपवली तर खाणीचा परवाना सुटणारच, आणि तो सुटल्यावर लपवायला काही उरत नाही.

एकदा स्कॅन करून भागतं हा समज पण काढून टाकायला हवा. गोव्यात कुशावती नदीच्या काठचं फणसायमळ, ज्याला उसगाळीमळ पण म्हणतात, १९९३ मध्ये उजेडात आलं. ते नदीकाठीच आहे, पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं, गाळ बसतो, परत धुतला जातो. तिथल्या त्या प्रसिद्ध चक्रव्यूहाच्या रेषा दरवर्षी किती झिजतात हे एका मॉडेलवरून कळणार नाही, दोन-तीन वर्षांच्या अंतराने त्याच कंट्रोल पॉइंटवर परत मोजलं, दोन्ही पॉइंट क्लाउड एकमेकांवर ठेवले तर फरक मिलिमीटरमध्ये काढता येतो, आणि ते करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. किल्ल्यांना पण हेच लागू. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, ११ आपले आणि तमिळनाडूतला जिंजी, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला आणि वाटायलाच पाहिजे. पण त्यातल्याच विजयदुर्गची तटबंदी २०२० च्या पावसात ढासळली होती. तटाला फुगवटा येतो तो पडायच्या आधी येतो, दरवर्षी मोजलं तर दिसतो. आणि हे १२ सोडून जे शेकडो किल्ले उरले त्यातल्या बहुतेकांचं तर बेसलाइन, म्हणजे पुढे तुलना करायला लागणारं पहिलं स्कॅन पण नाही, तट पडल्यावर तो आधी कसा होता ते ट्रेकर लोकांच्या फोटोंवरून शोधायची वेळ येते.

खर्चाचं कारण आता तितकंसं टिकत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून भारतीय संस्थांना नकाशे आणि भू-माहिती गोळा करायला आधीसारख्या परवानग्या लागत नाहीत, त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांमध्ये २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट लायसन्स पण लागत नाही. फोटोवरून मॉडेल करणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. रत्नागिरी, राजापूर, मालवणच्या कॉलेजमधल्या भूगोलाच्या आणि आयटीआयच्या सर्व्हेअर ट्रेडच्या पोरांना दोन आठवडे शिकवलं तर ती हे काम करू शकतात, आणि ज्या पोराने स्वतः आपल्या गावचा सडा मोजलाय तो तिथे जेसीबी आलेला बघून गप्प बसणार नाही. बाहेरच्या एजन्सीला मोठं काम द्या पण तिच्याबरोबर गावातली दोन माणसं ठेवणं बंधनकारक करा, त्यांना मजुरी द्या, मॉडेलवर त्यांचं नाव टाका.

या कामाला वर्षातले महिने थोडेच मिळतात. गवत वाळून सडा उघडा पडतो तो फेब्रुवारीच्या आसपास आणि मे संपला की ढग येतात. त्यामुळे ज्यांना या हंगामात मोजणी करायची आहे त्यांची टेंडरं, मालकांच्या संमत्या आणि भूमी अभिलेखची पत्रं दिवाळीपर्यंत हातात पडायला हवीत. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत सडा आहे तिने येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यावेत, एक आपल्या गटांतल्या शिल्पांची इतर हक्कात नोंद व्हावी म्हणून आणि दुसरा आजवर आपल्या गावात झालेल्या प्रत्येक सर्व्हेचा कच्चा डेटा पंचायतीला मिळावा म्हणून.